चार वाजून दहा मिनिटं

लायब्ररी उघडून बसलेय, म्हणाले फोनवर,
तर आई म्हणाली, रात्री साडेअकराला?
नगर वाचन मंदिर कधीच बंद झालं असेल.
तिला कसं सांगू, हिच्यात पुस्तक एकही नाही,
नुसत्या आज्ञा आहेत:
अक्ष ओढ, रंग दे,
ठिपक्यावर बाण नेला की बोल.

मी हिच्या हवाली रंकाळा केलाय.
संध्यामठाजवळ दोरीनं सोडलेला सेन्सर,
मिनिटाला एक आकडा,
पाण्यात विरघळलेला प्राणवायू.
एक्केचाळीस दिवस,
एकोणसाठ हजार चाळीस ठिपके.
आधी पडद्यावर नुसती दौत लवंडलेली.
मग माऊसचं चाक फिरवत आत शिरले
आणि तलाव दिवसादिवसानं सुटा झाला.

दुपारी शेवाळ खुशीत, रेघ नऊवर.
रात्री सगळे घेणारेच, देणारं कुणी नाही.
रेघ उतरत जाते
पहाटे पार दोनच्या खाली,
जिथं मासे तोंड वर काढतात.

आणि नेमका तिथं, त्या तळात, एक सुळका.
बाण नेला. चौकट उघडली:
चार वाजून दहा मिनिटं. सात पूर्णांक आठ.
दुसऱ्या पहाटेही.
तिसऱ्या.
चौकोन ओढून सगळे उचलले, मोजले,
पस्तीस.
मंगळवार तेवढा रिकामा.

डॉक्टर हुपरीकर खुर्चीतून उठलेच.
खाली जुनी खाण आहे, म्हणाले, झरा असेल एखादा.
मी म्हटलं, सर, मंगळवारी सुट्टी घेणारा झरा?

शेवटी स्कूटी काढली.
गंगावेशीतला दूधकट्टा कधीच उठला होता,
रस्त्यावर म्हशींच्या शेणाचा ओला वास तेवढा.
काठावर रखवालदार सातापा कुराडे,
तोंडात बॅटरी धरून दोरी ओढत होता.
सेन्सर वर आला, पाणी गाळत.
त्यानं मफलरच्या टोकानं तो पुसला,
फुंकर मारली, परत पुसला,
आणि चार मिनिटं नुसता धरून बसला वाऱ्यावर.

"शेवाळ बसतंय की वो त्येच्यावर.
म्हटलं, मशिनीचा जीव गुदमराय नगं."

माझा झरा असा मफलर गुंडाळून उभा.

सर म्हणाले, गाळून टाक ते ठिपके, एका ओळीचं काम.
एका ओळीचंच होतं.
निबंधात टाकले गाळून; तिथं काय,
छापलेल्या आलेखावर कितीही बोट ठेवा,
कागद तोंड उघडत नाही.

पण घरी आल्यावर पुन्हा सगळी रेघ लावली.
बुधवारी दुपारी ती जराशी भरकटते,
खाली घसरते, चाचपडते,
आणि गुरुवारी पुन्हा ताळ्यावर.
इतके दिवस वाटलेलं, सेन्सर महागाचा आहे.

मग मी ते पस्तीस ठिपके केशरी केले
आणि चौकटीत तिसरी ओळ वाढवली.
वेळ. आकडा. सातापा.

आता मंगळवारीही सुळका दिसतो.
थोडा उशिरा, सव्वाचारच्या पुढे,
कारण दोरीची गाठ मला अजून नीट सुटत नाही.
त्याच्यावर बाण नेला
की वेळ येते, आकडा येतो,
तिसरी ओळ कोरी.