शेडमधलं पिल्लू

सात रस्त्याच्या दुकानात काचेमागे एक होतं,
पांढरं, चपट्या नाकाचं. बारा हजार.
"हिला एसी लागेल हं," दुकानदार म्हणाला.
मे महिना. मी पदराने मान पुसली.

जुळे सोलापूरच्या देगावकर बाईंकडे तीन होती.
त्यांनी फोनवर आधी विचारलं,
घरी कोण कोण असतं?
मी पुन्हा फोन केला नाही.

मग नरसव्वा म्हणाली, आमच्या शेडात ये की.
मांजर सुताच्या गुंत्यात व्यालीय.
खळीला उंदीर येतात म्हणून ठेवतो, पैसे कसले?
फक्त दोन महिने आईपाशी राहू दे.

तिथे बोललेलं ऐकू येत नाही.
चौदा माग खडखडत होते
आणि हे सुतात तोंड खुपसून गाढ.

घरी आणलं. पहिल्या रात्री रडलं.
दूध नको, मांडी नको.
दोन वाजता मला काही सुचेना,
जुन्या शिलाई मशीनवर बसले,
रिकामीच चालवली, दोऱ्याशिवाय.

ते पायडलपाशी आलं, वळकटी झालं.
पाय थांबला की एक डोळा उघडायचं.

उजाडेपर्यंत मी काहीच शिवलं नाही.