उजवा गाल

गोरेगावला, फरसाणच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर
आमचं क्लिनिक.
खालून गाठ्यांचा वास येतो,
वर जळलेल्या लवीचा.
मला दोन्हींची सवय आहे.

सीताराम भुवड, वय चौसष्ट, राहणार दहिसर.
बेस्टचे ड्रायव्हर, निवृत्त.
पॅकेज मुलीने कॅनडातून भरलेलं, सहा सिटिंगचं,
कारण नात व्हिडिओ कॉलवर
त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर तळवा धरते,
मग दुसऱ्या अर्ध्यावर,
आणि ओरडते, दोन आजोबा! दोन आजोबा!

खोटं नव्हतं.
डावा गाल जेमतेम पन्नाशीचा,
उजवा त्यांच्या वडिलांचा असावा तसा:
कानापर्यंत नांगरलेला,
कानशिलावर बिब्ब्याएवढे दोन डाग.
डॉक्टर सबनीस खूश झाल्या. तीन फोटो काढले.

मी डोळ्यांवर स्टीलच्या वाट्या बसवल्या,
गार जेल फासलं,
नेहमीचं बोलले:
रबर ताणून सोडल्यासारखं लागेल, काका,
आणि मिटल्या डोळ्यांनाही तांबडं दिसेल.
ते म्हणाले, तांबडं दिसलं की
थांबायची सवय आहे मला.

मशीनचा प्रकाश बोटभर खिडकीतून येतो.
मी मनात मोजते, ते ओठांत मोजत होते.
माहीम. वांद्रे तलाव. खार.
मिलन सबवेपाशी
वाटीच्या कडेखालून पाणी ओघळलं.
इथे भरतंच, म्हणाले.

मग जेल पुसताना सांगितलं, मी न विचारता.
सकाळी गाडी उत्तरेला, सूर्य उजवीकडे.
संध्याकाळी दक्षिणेला, सूर्य उजवीकडेच.
एकतीस वर्षं.
आणि डावीकडून आला तर?
डावीकडचं ऊन पॅसेंजर खायचे, पोरी,
माझ्यापर्यंत पोचायचंच नाही.
तिकीट काढून खायचे.

दुसऱ्या सिटिंगला डाग खरवडल्यासारखे सुटले,
कॉफीच्या चुऱ्यासारखे टॉवेलवर पडले.
ते आरशात बघत राहिले.
बराच वेळ. बाहेर दोन बायका थांबल्या होत्या,
मी घड्याळाकडे पाहिलं.
तेव्हा त्यांनी विचारलं,
ह्याला त्याच्यासारखं करताय,
त्याला ह्याच्यासारखं करता येतं का?

मला आधी कळलंच नाही.
मग हसू आलं.
सहा वर्षांत सगळी माणसं
ह्या मशीनकडे एकाच दिशेने आली आहेत.
म्हटलं, तसलं मशीन नसतं, काका.
ते म्हणाले, असतं की. मी चालवलंय.

जाताना छापील सूचनांचा कागद दिला:
पंधरा दिवस उन्हात जाऊ नये.
छत्री, टोपी, क्रीम दर तीन तासांनी.
त्यांनी तो घडी करून
पासाच्या प्लास्टिकमध्ये सरकवला.

तिसऱ्या सिटिंगला हट्ट,
अपॉइंटमेंट सकाळी नऊचीच.
आले ते घामेजलेले,
उजव्या गालावर पांढरं क्रीम, नाटकातल्यासारखं थापलेलं,
कागदात लिहिलं होतं तस्संच.
डावा गाल उघडा, लालसर.
बसने आलात?
हो. डाव्या खिडकीत जागा मिळाली.
दहिसरहून गोरेगाव, सकाळची वेळ.
मी मनात गाडी दक्षिणेला वळवली
आणि सूर्य कुठे येतो ते पाहिलं.

मग परत कधी जाता?
चार वाजता. तोवर मार्केटमध्ये बसतो.
उत्तरेला जाताना
पुन्हा डावी खिडकी.

मी काही बोलले नाही.
वाट्या बसवल्या, जेल फासलं.
स्क्रीनवर डॉक्टरांनी लिहिलेले चौदा ज्यूल होते.
बटण दोनदा खाली दाबलं.
बारा.
म्हटलं, तयार?
ते म्हणाले, घंटी द्या.