पाठकोरी

लग्नपत्रिका दोनशे छापल्या,
वाटल्या अकरा.
उरलेल्यांच्या पाठी कोऱ्या;
माझ्या कादंबरीला चालून गेल्या.

चेंबूरच्या घरात, दिवाणावर,
प्रकरणं मांडत बसते मी, पेशन्स लावल्यासारखी.
एक : कुमुद शिवडीच्या गोदामात नोकरीला लागते.
पाच : चहापत्तीचा वास केसांतून जाईना.
नऊ : सासरे आजारी. (कुठला आजार? डॉक्टर वहिनींना विचारणे.)
एकविसाव्या कार्डावर हिरव्या शाईत :
कुमुद घर सोडते.
उलटलं की सोनेरी अक्षरांत
आमचे येथे श्रीकृपेंकरून
आणि मुहूर्त, अकरा वाजून बेचाळीस मिनिटं.

शर्वाणी ऑफिसातून आली,
खांद्यावरची पर्स न उतरवताच वाकली.
दीड वर्षात या गठ्ठ्याकडे
तिनं पाहिलं नव्हतं,
मीही काही विचारलं नव्हतं.
वाचत गेली. एकवीस उचललं,
सहा आणि सातच्या मध्ये ठेवलं.
“एवढी थांबत नाही गं कुणी, आई.
आधीच कळलेलं असतं.
पुढचं नुसतं हॉल बुक करणं.”

मग हातपाय धुवायला गेली.

आता सातच्या पुढचं सगळं कोलमडलंय.
सासऱ्यांच्या आजाराला कारण उरलं नाही,
आणि चौदामध्ये कान्हेरीची सहल काढलेली,
ती कुणासाठी?
पहिलं वाक्य अजून लिहायचंय.
कोरी कार्डं मात्र आहेत,
एकशे त्रेसष्ट.
मोजली मी,
ती आत भात वाढून घेत होती तेव्हा.