चार बोटं सैल

रबाळ्याच्या एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यामागे,
तिसऱ्या मजल्यावर आमची एकच खोली: १०१.
तिला तीन भिंती. चौथीच्या जागी
आम्ही तीसजणी, वह्या घेऊन उभ्या.
दार मात्र आहे, चौकटीसकट.
आधी टकटक, मग "हाउसकीपिंग",
मग मनात पाच आकडे, मग पुन्हा टकटक.
आत कधीच कुणी नसतं. तरी थांबायचं.

साठ दिवस. राहणं फुकट, जेवण फुकट, दोन गणवेश फुकट.
निघताना मामी म्हणाली होती,
फुकट खाऊ घालतात म्हणजे किडनी काढतील.
पहिल्या रात्री मी कुशीला हात लावून झोपले.
शेजारच्या बंकवर खर्डीची फुलवंती मुकणे, तीही तशीच.
सकाळी दोघींनी एकमेकींचे हात पाहिले
आणि पोहे येईपर्यंत हसत राहिलो.

देवरुखकर मॅडम सांगायच्या,
उशीचं तोंड दाराकडे नको.
चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशात.
दहावीला मी भूमितीतच गेले होते;
कोन म्हणजे काय ते इथे कळलं, अंगठ्याच्या नखाला.
शेवटी मॅडम पर्समधून रुपया काढून
ताणलेल्या चादरीवर टाकायच्या.
उडाला तर पास.
माझा सतराव्या दिवशी उडाला.
रात्री फोन केला: आई, रुपया उडाला!
ती म्हणाली, कशावर उडवलास?

त्या पलंगावर बसायचीही परवानगी नव्हती.
दिवसातून तीसदा घातलेला, तीसदा मोडलेला,
आणि ज्यावर एकदाही कुणी झोपलं नाही
असा पलंग.
आमच्याकडे उलटं.
एक गोधडी, सहाजण, आणि कोपरे कुणी मोजले नाहीत.

एकेचाळिसाव्या रात्री फुलवंतीला ताप भरला.
वरच्या बंकवर ती थडथडत होती, बंकसुद्धा.
वॉर्डन कमळाबाईंनी कनवटीची किल्ली काढली,
म्हणाल्या, मॅडमचं मी बघते.
आम्ही तिला धरून आत नेलं.
टकटक करायचं कुणालाच सुचलं नाही.
मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या, जिऱ्याची पेज,
खाली ठाणे-बेलापूर रस्त्यावर रात्रभर कंटेनर.
पहाटे तिच्या कपाळाला घाम आला.

मी विचारलं, कसाय गं पलंग?
लग्नातलं जेवण कसं होतं, असं विचारावं तसं.
म्हणाली, मेल्यांनो, एवढी घट्ट लावतात का चादर?
पाय आत शिरेनात.
रात्रभर वरच पडून होते, पाहुण्यासारखी.

नऊला मॅडम आल्या.
उशीला डोक्याएवढा खळगा, वर एक लांब केस.
वहीत पान बारावर लिहिलंय: केस राहिला तर तक्रार.
मॅडमनी तो उचलला, बोटाला गुंडाळला,
थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, आज पहिल्यांदा खोली वापरलेली मिळाली.
चला, करा.
त्या दिवशी रुपया काढला नाही त्यांनी.

फुलवंती आता ऐरोलीच्या एका दवाखान्यात आहे.
तिथे माणूस पलंगावर असतानाच चादर बदलतात,
कुशीवर वळवून, आधी अर्धी, मग अर्धी.
तिला ते माझ्यापेक्षा बरं जमतं, असं तीच सांगते.

मी वाशीत, सहावा मजला, एका पाळीत चौदा खोल्या.
टकटक. पाच आकडे.
कधी आतून खरंच आवाज येतो: नंतर या.
मला अजून दचकायला होतं.

सुपरवायझर रुपया टाकत नाही,
नुसता तळवा फिरवतो उशीकडून मधोमध.
पायाच्या बाजूला मी चार बोटं सैल सोडते.
वहीत नाही हे.
तिथपर्यंत त्याचा हात पोचत नाही.