लिनोलियमवर

वॉशिंग मशीनच्या मागे
तीन आठवडे बसून आहे नाप्पी.
त्याची जोडीदारीण गेली, तेव्हापासून.

डॉक्टरीण म्हणाली, दात ठीक, पोट ठीक.
घाई करू नका.

म्हणून सिर्का, वय एकाहत्तर,
गुडघ्यांना विचारत विचारत
खाली बसते, मग आडवीच होते
लिनोलियमवर.
बाहेर तुर्कूत साडेतीनलाच अंधार.
ती हाक मारत नाही.
विजेचं बिल वाचते मोठ्यानं,
आकड्यांसकट.
दोघांच्या मध्ये शेपूची एक काडी.

सकाळी लेंड्या मोजते.
काल चार. आज अकरा.
वहीत लिहिते, तारीख घालून.

आणि गुरुवारी,
थकबाकीच्या ओळीपाशी,
मनगटाला मिशा लागतात.

ती हलत नाही.
बिल संपत आलेलं,
म्हणून पुन्हा वाचू लागते,
ग्राहकाचं नाव, पत्ता,
मजला दुसरा.