कूड आणि वीट

मांदाडकडचा रस्ता रुंद झाल्यापासून
पुण्याची गाडी चार तासांत आमच्या वाडीखाली येते.
खाजणाच्या कडेला जिथे निवटे धरायचो
तिथे आता पार्किंग.

दातार मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा
त्यांनी आमच्या भिंतीला हात लावला,
पोपडा निघाला, तो पुन्हा बसवून बघितला,
मग विचारलं, हे कोण बांधतं?
म्हटलं, पाऊस पाडतो. आम्ही बांधतो.

आता आठशे रुपये हजेरी.
कारवी तोडून आणायची, सोलायची नाही,
फोटोत साल दिसली पाहिजे.
माती, शेण, भाताचा तूस,
लिंपणावर बोटांच्या रेघा तशाच सोडायच्या.
"सफाई नको, बुधी, सफाई नको."
जन्मात पहिल्यांदा कच्च्या कामाचे जास्त पैसे.
नऊ खोल्या झाल्या. प्रत्येक कुडाला एसीपुरतं भोक
ठाण्याचा एक मुलगा मशीनने पाडतो.
आमच्यात असली भोकं बुजवतात.
उंदरांसाठी.

वर वाडीत आमचं घरकुल मंजूर झालंय.
जागेच्या कागदाला अकरा वर्षं लागली,
विटांना एक दुपार.
ट्रक उलटा लागला तशी आई पुढे झाली.
बावीस हंगाम, दिवाळी सरली की भट्टी,
खोपोली, कर्जत, एकदा पार कर्नाटकात,
मुकादमाची उचल डोक्यावर आणि मी पाठीवर.
दर हजारावर ठरलेला. भिंती कुणाच्या होणार
हे तिने कधी विचारलं नाही.
गिरणीवाला विचारतो का, भाकरी कोण खाणार?

एक वीट उचलली, थुंकी लावून पुसली.
"माती आपल्याच अंगची. भाजलीय कमी, चोरांनी."
मग दुसरी.
मग ती, जिच्यावर पाऊल होतं.

चारेक वर्षांचं असेल. पाच बोटं, टाच अर्धीच.
ओल्या विटांवरनं पळालं असेल कुणी,
मारही खाल्ला असेल.
"माझं?" मी विचारलं.
आईने माझ्या भेगाळल्या पायांकडे बघितलं.
"तुझ्या विटांची घरं आता म्हातारी झाली असतील."

गवंडी म्हणाला, ही खराब आहे, पायात टाकू.
आई म्हणाली, नाय.
छातीएवढ्या उंचीला. चुलीसमोर. पाऊल आत.

ग्रामसेवक फोटो काढून गेला: भिंत, आई, पाटी.
भावाला दाखवायला मी फोन धरला.
तो यंदाही भट्टीवर, उचल फिटली नाही.
त्याच्या मागे विटांची रास, माझ्या मागे विटांची भिंत,
मध्ये नेटवर्क अडकलेलं.
त्याच्या पोराचं अर्धं तोंड दिसलं आणि तिथेच थांबलं.

काल दातार मॅडम वर आल्या.
"विटांचं केलंत?" आवाज जरा पडला.
चहा घेताना त्यांना पाऊल दिसलं.
बोट पुढे नेलं, टेकवलं नाही.
"हे मुद्दाम ठेवलंय?"
काय सांगणार. साखर पुरेशी आहे का, विचारलं.

तिसरा हप्ता आला की गिलावा करायचा.
आई रोज विचारते, आला काय गं?
नाही म्हटलं की
गप चुलीत लाकूड पुढे सारते,
आणि जाळ वाढतो तशी त्या पावलाची बोटं
जरा हलल्यासारखी दिसतात.