आलमारीची किल्ली

आधी सायकल गेली. ती मला दिली.
मग शिलाई मशीन, कामठी रोडच्या शेवंताला.
तिच्या बाळंतपणात एल्स्पेथबाई अख्खी रात्र जागल्या होत्या.
वाळ्याच्या ताट्या मुलींच्या बोर्डिंगला.
मांजर कुणीच घेतलं नाही.
ते व्हरांड्यात बसून निघणारं सामान बघत राहिलं
मिशनच्या हिशेबनिसासारखं.

बत्तीस वर्षं दोन ट्रंकांत मावली
आणि वर जागा उरली.
"सांत्वना, काहीतरी घाल गं, आतलं वाजून राहिलं."
मी वॉर्डातल्या जुन्या चादरी घातल्या,
कोपऱ्यात लाल धाग्याने दवाखान्याचं नाव काढलेल्या.
चोरीच ती. दोघींनाही माहीत होतं.

पुण्याकडून पुस्तकी मराठी शिकून आल्या तेव्हा
म्हणे पहिल्याच पेशंटला विचारलं,
"आपणांस कोठे वेदना होत आहेत?"
म्हातारीने मागे वळून पाहिलं,
कोण मोठं माणूस आलंय म्हणून.
मग वॉर्डानेच शिकवलं:
काऊन, कुठी, पोट गुडगुडते का व माय.
स्कॉटलंडच्या जिभेवर आमची बोली अशी बसली
की इतवारीत भाजीवाल्या
भाव सांगायच्या आधी हसून घ्यायच्या.

एकच शब्द जमला नाही.
निघताना "जाते" म्हणू नये, मी किती वेळा सांगितलं,
"येते" म्हणावं.
त्या म्हणायच्या, "पण मी तर जाऊन राहिली नं?
खोटं काऊन बोलू?"
रोज संध्याकाळी, बंगल्यापर्यंतच्या पन्नास पावलांसाठी,
"जाते",
आणि वॉर्डातल्या बाया कानांवर हात ठेवायच्या.

शेवटच्या आदल्या दिवशी कबरस्थानात गेल्या.
आयलीनबाईंच्या दगडावरची पानं खराट्याने लोटली,
नावातल्या अक्षरांत अडकलेली माती
केसातल्या पिनेने काढली.
प्रार्थना केली की नाही, मी पाहिलं नाही.
मी पिन परत मागितली. ती माझी होती.

स्टेशनवर काटोलचा यादोराव आला,
संत्र्यांचं खोकं घेऊन.
याच दवाखान्यात पायाळू जन्मलेला.
म्हणाला, "बाई, झाडाचं पाणी तोडावं लागते.
ताण देतो आम्ही. पानं मान टाकते, वाटते मेलं,
अन् मग पाणी सोडलं की असं फुलते…"
त्याने पाठ करून आणलं असावं.
बाईंनी विचारलं, "अन् पाणी सोडायला विसरलं तर?"
तो खोक्याची सुतळी आवळत बसला.

मुंबई मेल हलली.
बाईंनी खिडकीतून हात काढला,
माझ्या डोक्यावर ठेवायला की माशी हाकलायला,
कळलं नाही.
म्हणाल्या, "येते."

बत्तीस वर्षांत पहिल्यांदा बरोबर बोलल्या.
आणि पहिल्यांदा खोटं.

औषधांच्या आलमारीची किल्ली सापडेना.
दोन दिवस वाट पाहून नव्या डॉक्टरांनी कुलूप तोडवलं.
जूनमध्ये ॲबरडीनच्या शिक्क्याचं पाकीट आलं.
आत कापसात गुंडाळलेली किल्ली,
आणि चिठ्ठी:
"झग्याच्या खिशात राहून गेली.
पेशंटची गैरसोय झाली असेल."
तब्येत नाही, हवापाणी नाही, आशीर्वाद नाही.
ऱ्हस्व वेलांटी नेहमीसारखी चुकीच्या बाजूला.

कुलूप आता नाही. आलमारीला हिरवा रंग दिला.
किल्ली मी सायकलच्या हँडलला बांधलीय,
सदरच्या खड्ड्यांतून ती वाजत येते.

हल्ली संध्याकाळी ड्यूटी संपली
की दारात थांबून मी म्हणते, "जाते."
नवी पोरगी असेल तर दचकते,
"सिस्टर, असं म्हणू नये!"
मी काही समजावत बसत नाही.
सकाळी सातला हजर असते.